सिम्युलेशनमध्ये ९६ टक्के, मोजणीत १२ टक्के: फोटॉनिक क्रिस्टलमधल्या दोषातून प्रकाश नेमका किती जातो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही इंदूरला एम.एस्सी.चा प्रकल्प करताय. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिका यांचे आलटूनपालटून २७ थर दिले आहेत, सगळं गणित ६३३ नॅनोमीटरसाठी. ठरावीक तरंगलांब्यांचा प्रकाश अडवणारी अशी नियमित रचना म्हणजे फोटॉनिक क्रिस्टल. मधोमध असलेला सिलिकाचा थर मुद्दाम दुप्पट जाडीचा ठेवला आहे. हाच तुमचा ‘दोष’. सिम्युलेशनमध्ये ६३३ वर ९६ टक्के पारगमनाचं, म्हणजे पलीकडे जाणाऱ्या प्रकाशाचं, बारीक शिखर येतं. कोटिंग झालेला नमुना स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये २ नॅनोमीटरच्या स्लिटवर (म्हणजे एका वेळी साधारण २ नॅनोमीटरचा पट्टा घेऊन) मोजला तर शिखर सापडलं ६४१ वर आणि उंची जेमतेम १२ टक्के. वर हेही विचारलंत की एके ठिकाणी ‘दोषामुळे प्रकाश जातो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दोषामुळे प्रकाश अडतो’ असं वाचलं, यातलं खरं कुठलं?

दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. दोष प्रकाशाला वाट करून देतो अशी कल्पना डोक्यात असते. प्रत्यक्षात दोष प्रकाश साठवतो. साठवलेला प्रकाश मग ज्या ज्या वाटेने गळू शकतो त्या सगळ्या वाटांनी गळतो. पलीकडे किती पोहोचला, हे त्या गळत्यांच्या आपसातल्या प्रमाणावर ठरतं. शिखर बुटकं का झालं, याचा शोध म्हणजे गळत्यांचा हिशेब.

हे सगळं तुमच्याच आकड्यांवर करून बघू. टायटॅनियाचा अपवर्तनांक २.३ आणि सिलिकाचा १.४६ धरला तर पाव तरंगलांबीचे थर (पदार्थाच्या आतल्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढे जाड) अनुक्रमे ६८.८ आणि १०८.४ नॅनोमीटरचे येतात, आणि मधला दोषाचा थर २१७ नॅनोमीटरचा. तुमचा टायटॅनिया खरोखर २.३ चाच असेल असं नाही. इलेक्ट्रॉन बीमने दिलेला, स्पटर केलेला आणि सोल-जेलचा टायटॅनिया यांत बराच फरक असतो, त्यामुळे पुढचे आकडे दशांशापर्यंत जुळायची अपेक्षा ठेवू नका. प्रमाणं मात्र जुळतील.

दोष नसता, म्हणजे मधला थरही १०८.४ चाच असता, तर ६३३ वर लाखात जेमतेम एक भाग प्रकाश पलीकडे गेला असता. साधारण ५५४ ते ७३९ नॅनोमीटर हा सगळा पट्टा बंद. मधला थर दुप्पट केला की त्याच ६३३ वर ९६ टक्के. हे ९६ आलं कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. अर्ध्या तरंगलांबीचा थर त्या तरंगलांबीला ‘नसल्यासारखा’ असतो. मधला थर पुसून टाका. त्याच्या दोन्ही बाजूंचे टायटॅनियाचे थर आता एकमेकांना भिडले, दोघांचे मिळून अर्धी तरंगलांबी झाले, तेही पुसा. मग दोन सिलिकाचे थर, मग पुन्हा दोन टायटॅनियाचे. असं करत करत सगळे २७ थर निघून जातात आणि उरते कोरी काच. कोऱ्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४.३ टक्के परतवतो, म्हणून ९५.७. तुमच्या सिम्युलेशनने काचेचा मागचा पृष्ठभाग धरलेला नाही, हेही यावरून कळतं. तो धरला तर आदर्श नमुन्यातही तुम्हाला ९२ च्या वर मिळणार नाही.

आता गळत्या. दोषाच्या दोन्ही बाजूंना एकेक आरसा आहे, प्रत्येकी १३ थरांचा. काचेकडच्या आरशातून दर धडकेला ०.७२ टक्के प्रकाश निसटतो, हवेकडच्या आरशातून ०.४७ टक्के. हे दोन मुद्दाम ठेवलेले दरवाजे. तिसरी वाट नको असलेली: शोषण आणि विकिरण (प्रकाश आजूबाजूला विखुरणं). झोक्याला योग्य वेळी हलका हलका धक्का देत गेलं की तो चढतो, तसा आतला प्रकाश चढत जातो. तुमच्या रचनेत तिसरी वाट अगदी बंद असेल तर आतली तीव्रता बाहेरून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे १३० पट होते. प्रकाश इतक्या फेऱ्या मारतो म्हटल्यावर दर फेरीतला किरकोळ तोटासुद्धा जमत जाऊन मोठा होतो.

सूत्र साधं आहे. दोन्ही दरवाज्यांच्या गळतीचा गुणाकार, गुणिले चार, भागिले सगळ्या गळत्यांच्या बेरजेचा वर्ग. दर आरशामागे नको असलेला तोटा अर्धा टक्का धरा. ऐकायला किती लहान वाटतो! तुमच्या २७ थरांच्या रचनेत तेवढ्याने शिखर ९६ वरून २८ टक्क्यांवर येतं. त्याच तोट्यात १९ थरांची रचना, म्हणजे आरसे ९-९ थरांचे, ७४ टक्के देते. आणि ३५ थर दिलेत तर शिखर अडीच टक्क्यांवर बसतं. ‘थर वाढवले की शिखर धारदार होतं’ हे पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण अर्धवट. बाजूला एकेक जोडी वाढली की दरवाजे अडीचपट अरुंद होतात, तिसरी वाट मात्र आहे तेवढीच राहते. एका मर्यादेनंतर प्रकाश पलीकडे जाण्याऐवजी आतच संपतो. नव्या मंडळींना सगळ्यात उशिरा पटणारी गोष्ट हीच, म्हणून जरा लांबण लावली.

आता तुमचे १२ टक्के. यातला बराच भाग क्रिस्टलचा नाहीच, मोजणीचा आहे. तोटा नसेल तर तुमच्या शिखराची रुंदी ०.४४ नॅनोमीटर असायला हवी; अर्धा टक्का तोटा धरला तर सुमारे ०.८. ती तुम्ही २ नॅनोमीटरच्या स्लिटने मोजली. म्हणजे यंत्राने शिखर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा अंधार मिळून सरासरी काढली. ०.८ रुंदीचं २८ टक्क्यांचं शिखर २ च्या स्लिटमधून १२ च्या आसपासच दिसतं. तुमच्या आकड्याशी हे इतकं जुळतं की माझा पहिला संशय यावरच आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे. तपासण्यासाठी स्लिट २, १, ०.५, ०.२ अशी उतरवत जा, पायरी ०.१ नॅनोमीटरची ठेवा आणि दर बिंदूला जास्त वेळ द्या, कारण अरुंद स्लिटला प्रकाश कमी मिळतो आणि गोंगाट वाढतो. शिखर दर वेळी उंच होत गेलं तर चूक यंत्राच्या सेटिंगची.

स्लिटच्या जोडीला आणखी दोन गोष्टी शिखर पसरवतात. एक, यंत्रातला किरणपुंज समांतर नसतो, नमुन्यावर तो शंकूसारखा येतो. ५ अंशांनी तिरका आलेला किरण तुमच्या रचनेत शिखर ०.९ नॅनोमीटरने निळीकडे (कमी तरंगलांबीकडे) सरकवतो, म्हणजे शिखराच्या मूळ रुंदीच्या दुप्पट. दुसरी, जाडीचा असमानपणा. पुंज पडतो तेवढ्या भागात जाडी हजारात एका भागाने जरी बदलली तरी ०.६ नॅनोमीटरचा घोळ झाला. नमुन्यावर २ मिलिमीटर भोकाचा काळा मुखवटा लावा, आणि बेसलाइन (नमुन्याशिवायचं संदर्भ मोजमाप) घेतानाही तोच मुखवटा ठेवा. बेसलाइनला मुखवटा विसरणं ही चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगावी लागते.

या सगळ्यातून सुटायचा एक सोपा उपाय मात्र तुमच्या हाताशी आहे. शिखर ६४१ ला, म्हणजे लाल बाजूला सरकलं, हे तुमचं नशीब समजा. नमुना तिरका केला की शिखर निळीकडे येतं. तिरकं केल्यावर शिखर किती सरकेल हे ठरवणारा तुमच्या रचनेचा परिणामी अपवर्तनांक १.६७ च्या आसपास येतो. त्या हिशेबाने नमुना साधारण १५ अंश फिरवला की शिखर बरोबर ६३२.८ वर, म्हणजे हेलियम-निऑन लेझरच्या रेषेवर येऊन बसेल. लेझरला स्लिट नाही, पुंज जवळपास समांतर, ठिपका मिलिमीटरभर. फिरत्या स्टेजवर नमुना ठेवा, समोर पॉवर मीटर, आणि १५ अंशांच्या आसपास पाव-पाव अंशाने फिरवत चमक कुठे येते ते पाहा. ती सापडली की तिथे आणखी बारीक फिरवा. लेझरचं ध्रुवीकरण ठरलेलं असू द्या, कारण तिरक्या नमुन्यात दोन्ही ध्रुवीकरणांची शिखरं थोडी वेगळी होतात. इथे मिळालेला आकडा हे तुमचं खरं पारगमन. पुढच्या वेळी कोटिंग मुद्दाम ६४५ साठी करायला सांगा. सरळ ६३३ साठी केलेलं कोटिंग चुकून निळीकडे गेलं तर लेझर त्याच्या शिखरावर आणायला काहीच मार्ग उरत नाही.

तिरकं ठेवायचा आणखी एक फायदा म्हणजे परावर्तित किरण वेगळा निघतो, त्यामुळे परावर्तनही त्याच जागी, त्याच कोनात मोजता येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसत्या पारगमनावरून गळती कुठली ते कळत नाही. पारगमन आणि परावर्तन यांची बेरीज करा. बेरीज १०० च्या जवळ आली आणि तरी शिखर बुटकं असलं, तर दोन दरवाजे असमान आहेत. एका बाजूला थर कमी पडले किंवा चुकले. एका आरशाची गळती १ टक्का आणि दुसऱ्याची ४ टक्के झाली तर काहीही तोटा नसताना शिखर ६४ वरच थांबतं. बेरीज १०० पेक्षा बरीच कमी आली तर तिसरी वाट उघडी आहे. तुमच्या रचनेत अर्धा टक्का तोटा धरला तर पारगमन २८, हवेच्या बाजूने परावर्तन ३२ आणि हरवलेले ४०, असा हिशेब निघतो.

नमुना उलटा करून पुन्हा मोजा. पारगमन तेच राहील, दोन्ही बाजूंनी ते सारखंच असतं. परावर्तन मात्र, तोटा असेल तर, वेगळं येईल: हवेच्या बाजूने ३२ आणि काचेच्या बाजूने १२ च्या आसपास, काचेच्या मागच्या पृष्ठभागाचे ४ टक्के बाजूला काढून. तोटा नसेल तर दोन्ही बाजूंची परावर्तनं सारखी. पारगमन यंत्रावर सरळ आणि परावर्तन ८ अंशांच्या जोडणीवर मोजून बेरीज करणारे बरेच असतात; ८ अंशांनी शिखर सव्वादोन नॅनोमीटर सरकलेलं असतं, त्यामुळे ती बेरीज निरर्थक होते. दोन्ही एकाच कोनात.

तोटा आहे असं ठरलं तर तो शोषणाचा की विकिरणाचा? खोलीत अंधार करा, लेझर शिखरावर आणा आणि नमुन्याकडे बाजूने पाहा. ठिपका झगझगीत दिसला तर विकिरण: खडबडीत पृष्ठभाग, धूळ, किंवा टायटॅनियात तयार झालेले स्फटिककण. ठिपका मंद आणि तरीही प्रकाश गायब, तर शोषण. अर्धा टक्का तोट्यासाठी टायटॅनियाचा शोषणांक सुमारे ०.००१७ असावा लागतो. ऑक्सिजन कमी पडलेल्या टायटॅनियात तो सहज असतो. चांगल्या थरात तो ०.०००१ च्या खाली जातो, आणि तेवढ्यावर तुमच्या २७ थरांतून ८७ टक्क्यांपर्यंत जाता येतं. तुमच्या सिम्युलेशनमध्ये बहुधा तो शून्य आहे. तिथे ०.००१७ घालून बघा, शिखर कसं कोसळतं ते.

ऑक्सिजनची कमतरता बऱ्याचदा नंतरही भरून काढता येते. नमुना हवेतच भट्टीत ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला काही तास ठेवायचा, मिनिटाला १-२ अंशांपेक्षा वेगाने तापवायचा किंवा निववायचा नाही, नाहीतर थरांना तडे जातात. शिखर उंच झालं तर शोषण हेच कारण होतं. तापमान उगाच वाढवू नका. टायटॅनिया स्फटिकरूप व्हायला लागला की शोषण जातं आणि त्याच्या जागी विकिरण येतं. पुढचं कोटिंग इलेक्ट्रॉन बीमने होणार असेल तर काच २५०-३०० अंशांवर, टायटॅनियाचा वेग सेकंदाला ०.२ ते ०.३ नॅनोमीटर, आणि ऑक्सिजनचा दाब १ ते २ गुणिले दहाचा उणे चौथा घात मिलिबार, इथून सुरुवात करायला सांगा. प्रत्येक चेंबरचा स्वभाव निराळा असतो, कोटिंग करणारा माणूस यात थोडं इकडेतिकडे करेल, ते करू द्यावं. सिलिका यातून सहसा त्रास देत नाही.

शिखर ६३३ ऐवजी ६४१ ला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि उंचीशी त्याचा फारसा संबंध नाही. सगळेच थर सारख्या प्रमाणात जाड झाले तर शिखर सरकतं, पण उंची टिकते. तुमचं सरकणं सव्वा टक्क्याचं आहे. आता बंद पट्ट्याच्या दोन्ही कडा बघा. त्याही सव्वा टक्क्याने सरकल्या असतील, म्हणजे ५५४ ची कड ५६१ च्या आणि ७३९ ची ७४८ च्या जवळ असेल, तर क्वार्ट्झ मॉनिटरचा (थर चढताना जाडी मोजणाऱ्या यंत्राचा) टूलिंग फॅक्टर, म्हणजे त्याचं वाचन खऱ्या जाडीशी जुळवणारा गुणक, चुकलाय किंवा अपवर्तनांक अंदाजापेक्षा जास्त आहे. कडा जागच्या जागी आणि शिखर तेवढं हललं असेल तर चूक मधल्या थराची. मधला थर २ नॅनोमीटरने जाड झाला की शिखरही सुमारे तेवढंच सरकतं. ८ नॅनोमीटर सरकण्यासाठी त्यात साडेसात नॅनोमीटरची चूक हवी. दोषाला चिकटून असलेले दोन-तीन थरही शिखराला बऱ्यापैकी हलवतात, बाहेरच्या थरांच्या चुका मात्र जवळपास माफ. कडांची तुलना करताना सिम्युलेशनमध्ये टायटॅनियाचा तरंगलांबीनुसार बदलणारा अपवर्तनांक घाला, कारण निळ्या बाजूला तो वाढतो आणि ती कड आपोआप थोडी लालकडे येते.

तिसरी शक्यता पाण्याची. इलेक्ट्रॉन बीमचे थर सच्छिद्र असतात. हवेतली वाफ छिद्रांत शिरते, अपवर्तनांक वाढतो, शिखर लालकडे जातं. इंदूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत घेतलेलं मोजमाप आणि श्रावणातलं मोजमाप यांत काही नॅनोमीटरचा फरक आला तर घाबरू नका. नमुना ११०-१२० अंशांवर तासभर ठेवून, गरम असतानाच चटकन मोजा. शिखर निळीकडे आलं आणि एखाद्या दिवसात पुन्हा मूळ जागी गेलं तर ते पाणी.

जाडीचा वाद कायमचा मिटवायचा असेल तर पूर्ण २७ थरांचा नमुना एक्स-रे परावर्तनाला (क्ष-किरण परतवून जाडी मोजण्याच्या पद्धतीला) नेऊ नका. अडीच मायक्रॉनचा ढीग आणि इतके थर, त्यातून एकेक जाडी सोडवणं कठीण होतं. त्याऐवजी त्याच चेंबरमध्ये, त्याच सेटिंगला टायटॅनियाचा एकच ७० नॅनोमीटरचा आणि सिलिकाचा एकच १०० नॅनोमीटरचा थर सिलिकॉनच्या तुकड्यांवर वेगळा घ्या आणि ते मोजून घ्या. जाडीही कळते, खडबडीतपणाही. या बाबतीत इंदूरसारखं गाव दुसरं नाही: खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सोर्टियमचं (संशोधनाच्या सामायिक सोयींचं) केंद्र आहे, आणि आपण अजूनही ज्याला नुसतं ‘कॅट’ म्हणतो त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन (तीव्र प्रकाश आणि क्ष-किरण देणारी यंत्रं) आहेत. दोन्हीकडे विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव देऊन काम करता येतं. प्रस्ताव मार्गदर्शकांच्या नावाने जाऊ द्या आणि हातात वेळ ठेवा.

आता ‘जातो की अडतो’. तुम्ही वाचलेले दोन लेख बहुधा दोन वेगळ्या रचनांबद्दल होते. तुमच्या थरांमध्ये दोष हा प्रकाशाच्या वाटेतच बसलेला आहे. पलीकडे जायचं तर त्याच्यातूनच जावं लागतं. सिलिकॉनच्या पातळ पाटीत भोकांची जाळी कोरलेली असते तिथे चित्र बदलतं. १५५० नॅनोमीटरसाठी पाटी साधारण २२० नॅनोमीटर जाडीची आणि भोकांमधलं अंतर ४२० च्या आसपास. भोकांची एक ओळच गाळली की ती प्रकाशाची वाट होते, रेषीय दोष. एकदोन भोकं गाळली की तो बिंदुदोष, प्रकाश साठवणारा. हा बिंदुदोष वाटेच्या मध्ये ठेवला तर अनुनादाला, म्हणजे दोषाच्या स्वतःच्या तरंगलांबीला, प्रकाश जातो. तोच वाटेच्या कडेला ठेवला तर अनुनादाला प्रकाश अडतो: कडेला साठलेला प्रकाश वाटेत परत गळतो तेव्हा पुढे जाणाऱ्या लाटेच्या बरोबर विरुद्ध कलेत येतो आणि तिला खोडतो. पुढे जाणारा प्रकाश संपतो, मागे फिरणारा उरतो.

दोन्हींत निकाल देणारा हिशेब तोच, फक्त इथे गळतीऐवजी तिच्या व्यस्तात, क्यू-फॅक्टरमध्ये बोलतात. समजा दोषाचा स्वतःचा क्यू ५०,००० आहे आणि वाटेशी असलेल्या जोडणीचा क्यू १०,०००. एकूण क्यू ८,३०० च्या आसपास. दोष वाटेच्या मध्ये असेल तर अनुनादाला ६९ टक्के प्रकाश पार होतो; कडेला असेल तर जेमतेम ३ टक्के उरतो, म्हणजे चांगली खोल दरी. आता दोष वाटेपासून एकदोन ओळी लांब सरकवला आणि जोडणीचा क्यू एक लाख झाला, तर मधल्या रचनेचं शिखर ११ टक्क्यांवर येतं आणि कडेच्या रचनेची दरी ४४ टक्क्यांपर्यंतच उतरते. धार वाढली, परिणाम फिका पडला. तुमच्या ३५ थरांची गत झाली तीच.

दोषाचा स्वतःचा क्यू कशावर ठरतो? पाटीच्या वरून आणि खालून निसटणाऱ्या प्रकाशावर. २००३ मध्ये क्योटोच्या नोडा गटाने तीन भोकं गाळलेल्या दोषात टोकाची दोन भोकं अंतराच्या ०.१५ पट बाहेर सरकवली आणि क्यू ४५,००० वर नेला. दोषाची कड अचानक न संपवता हळुवार संपवली, की वर उडणारा प्रकाश कमी होतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. म्हणून द्विमितीय सिम्युलेशनवर विसंबू नका. त्यात वर-खाली ही दिशाच नसते आणि क्यू भलताच मोठा येतो. मीपसारखी मोफत सिम्युलेशन साधनं त्रिमितीय हिशेब करतात, पण संगणकाला घाम फुटतो.

नको असलेले दोष, म्हणजे भोकांच्या त्रिज्येत आणि जागेत एकेक-दोनदोन नॅनोमीटरच्या चुका, हा पाटीच्या रचनेतला वेगळा ताप. वाटेत प्रकाशाचा वेग मंदावला की त्यांचा उपद्रव वाढतो: वर उडणारा तोटा मंदपणाच्या प्रमाणात, आणि मागे फिरणारा प्रकाश मंदपणाच्या वर्गाच्या प्रमाणात. बंद पट्ट्याच्या कडेशी वेग सगळ्यात कमी असतो, म्हणून मोजणीत ती कड कधीच सिम्युलेशनसारखी सरळसोट दिसत नाही, विस्कटलेली दिसते. १९८७ मध्ये याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे हा विषय सुरू केला तेव्हा जॉन यांचा रोख मुळात अशा अव्यवस्थेत प्रकाश अडकून पडण्यावरच होता, हे बरेचदा विसरलं जातं.

शेवटी एक सुचवतो. दुसरं कोटिंग होईपर्यंत थांबू नका. तुमच्या विभागात एक्स-बँडचं (८ ते १२ गिगाहर्ट्झचं) मायक्रोवेव्ह बेंच असेल तर हाच प्रयोग टेबलावर होतो. साइनबोर्डवाल्यांकडून ५ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकच्या ३० सेंटिमीटर चौरस आठ शीट कापून घ्या, आणि व्हर्नियरने जाडी स्वतः मोजा. पाच म्हणून दिलेली शीट बरेचदा पाच भरत नाही. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.६ धरला तर ५ मिलिमीटर म्हणजे ९.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, आणि दोन शीटमधली हवेची फट ८ मिलिमीटरची. थर्मोकोलच्या पट्ट्या फटींत चालतात, त्या मायक्रोवेव्हला जवळपास हवेसारख्याच. अगदी मधोमधची, चौथ्या आणि पाचव्या शीटमधली फट तेवढी १६ मिलिमीटरची ठेवा. बंद पट्टा साधारण ८ ते १०.८ गिगाहर्ट्झ, आणि मध्ये शिखर. अ‍ॅक्रिलिकचा लॉस टँजंट (पदार्थातल्या शोषणाचं माप) ०.००७ धरला तर दोन्ही बाजूंना चार-चार शीट असताना शिखर ६४ टक्क्यांच्या आसपास येतं, सहा-सहा केल्या तर १५ वर घसरतं. लाट पसरते त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही थोडे कमीच मिळतील. मग मधली फट १६ वरून हळूहळू कमी करत न्या. शिखर वरच्या वारंवारतेकडे सरकत जाईल, आणि फट ८ झाली की पट्ट्याच्या कडेत मिसळून नाहीसं होईल.